सदाफुलीची पाने वाटणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, सोसायट्यांच्या बागसमित्या आणि आरोग्याच्या ग्रुपांचे अ‍ॅडमिन यांस,

सप्रेम नमस्कार.

रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाच पाने चावून खायची, म्हणजे साखर ताब्यात राहते आणि कर्करोग जवळ येत नाही, असा मजकूर तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. बऱ्याच जणांनी तो पुढे ढकललाही असेल. आता काही बागांत सदाफुलीच्या वाफ्याशेजारी ‘कर्करोगनाशक आयुर्वेदिक वनस्पती’ अशी पाटी दिसते, आणि काही उत्साही मंडळी पहाटे फिरायला येणाऱ्यांना पाने तोडून हातावर ठेवतात. हेतूबद्दल शंका नाही. पण मी औषधनिर्माती आहे. केमोची औषधे मोजून सलाईनमध्ये मिसळण्याच्या खोलीत माझ्या नोकरीची बरीचशी वर्षे गेली, आणि त्यांतले एक औषध याच सदाफुलीतून येते. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

त्या मजकुरात एक गोष्ट खरी आहे आणि तीच घात करते. सदाफुलीत कर्करोगाचे औषध आहे. एक सोडून दोन आहेत, व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, ज्याला वॉर्डात सगळे ‘एएलएल’ म्हणतात, त्याच्या उपचाराची सुरुवातच व्हिनक्रिस्टिनवाचून होत नाही. १९६० च्या आसपास या आजारातून दहांतले जेमतेम एखादे मूल वाचायचे. आज श्रीमंत देशांत दहांतली नऊ वाचतात. हे यश एकट्या सदाफुलीचे मात्र नव्हे. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, अस्पॅराजिनेज अशी कितीतरी औषधे तिच्या जोडीला आहेत, आणि कोणते कधी, किती, कशानंतर द्यायचे याचा क्रम बसवण्यात डॉक्टरांची एक अख्खी पिढी गेली. व्हिनब्लास्टिन हॉजकिन लिम्फोमात, म्हणजे लसीका ग्रंथींच्या एका कर्करोगात, वापरतात. या दोन्हींबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. माझी तक्रार पानाबद्दल आहे.

आता हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय माझ्या धंद्यात पान हलत नाही. १ ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. १ ग्रॅम व्हिनक्रिस्टिनला सुमारे २,००० किलो, म्हणजे दोन टन. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण १ मिलिग्रॅम व्हिनक्रिस्टिन देतात, म्हणजे एका टोचणीमागे दोन किलो वाळलेला पाला झाला. तुमची पाच पाने वाळवली तर एक ग्रॅमही भरणार नाहीत. पूर्ण ग्रॅम धरला तरी त्यात त्या लहानग्याच्या एका मात्रेचा दोनहजारावा हिस्सा येतो. शिवाय ही औषधे तोंडावाटे गेली तर आतड्यातून अंगाला किती लागतील याचा काही भरवसा नसतो, म्हणून ती शिरेतूनच देतात. म्हणजे रोज पाने चावणाऱ्याच्या रक्तात औषध म्हणावे असे काही पोचतच नाही.

यावर कोणी म्हणेल, मग अपाय तरी काय? खाऊ द्या की. थांबा. सदाफुलीत अल्कलॉइड या जातीची १३० हून अधिक रसायने सापडली आहेत. आपल्याला हवी असलेली दोन त्यांत अगदी नगण्य प्रमाणात असतात. बाकीची भरपूर असतात. झाडाची घडण पाहिली की हे का, ते कळते, आणि खरे सांगायचे तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आनंद याच भागाने दिला आहे.

व्हिनब्लास्टिनचा रेणू दोन मोठ्या रेणूंच्या जोडणीतून बनतो. एकाचे नाव कॅथरँथिन, दुसऱ्याचे व्हिंडोलिन. दोघांचा उगम एकाच ठिकाणी आहे: ट्रिप्टोफॅन या साध्या अमिनो आम्लापासून झाड ट्रिप्टामिन बनवते, त्याला सेकोलॉगॅनिन नावाचा दुसरा रेणू जोडते आणि स्ट्रिक्टोसिडिन तयार होते. तिथून वाटा फुटतात. पण तयार झाल्यावर झाड या दोघांना एकत्र ठेवत नाही. २०१० मध्ये कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की कॅथरँथिन पानाच्या अगदी बाहेर, पृष्ठभागावरच्या मेणात साठवलेले असते आणि व्हिंडोलिन आतल्या पेशींत. बाहेरचे कॅथरँथिन बुरशीला आणि किड्यांना आवरते. दोघांची गाठ पडते ती फार थोड्या प्रमाणात, म्हणून टनांनी पाला लागतो. व्हिनक्रिस्टिन तर व्हिनब्लास्टिनपेक्षा फक्त एका टोकाला वेगळे आहे: व्हिंडोलिनच्या बाजूच्या एका नायट्रोजनवर मिथाइलच्या जागी फॉर्मिल गट बसतो, बस्स. तेवढ्या फरकाने एक औषध मुख्यतः रक्तातल्या पेशींचे काउंट पाडते आणि दुसरे नसांवर उठते. म्हणूनच कारखान्यात पानांतून मुबलक मिळणारे दोन तुकडे काढून ते रसायनशाळेत जोडतात, आणि व्हिनब्लास्टिनचे पुढे व्हिनक्रिस्टिन करतात. २०१८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरमधल्या गटाने या साखळीतली हरवलेली विकरे (एन्झाइम) शोधली, आणि २०२२ मध्ये डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या संशोधकांना दोन्ही तुकडे यीस्टकडून बनवून घेऊन प्रयोगशाळेत जोडण्यात यश आले. उद्या कदाचित हे औषध बिअरसारखे टाक्यांत तयार होईल आणि पाल्याची गरजच उरणार नाही.

तर पान चावताना तुमच्या पोटात जातात ती ही बाकीची सगळी. झाडाच्या मुळांमध्ये अजमॅलिसिन आणि सर्पेंटिन आहे. ही मंडळी आपल्या सर्पगंधेच्या रसायनांची चुलत भावंडे, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने सदाफुलीच्या मुळाचा काढा घेणे म्हणजे न मोजता दुसरी गोळी घेणे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. अजमॅलिसिन आणि सर्पेंटिन यकृतातल्या एका विकराला जोरात अडवतात, असे परीक्षानळीतल्या प्रयोगांत दिसले आहे. स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेनची गोळी ज्या विकरामुळे शरीरात कामाला लागते, ते नेमके हेच विकर. माणसांत हा परिणाम किती होतो ते मोजलेले नसले, तरी पाच-पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला ‘कर्करोगावर चांगली’ म्हणून सदाफुली देण्याआधी मी शंभरदा विचार करीन. तुमच्या हास्यक्लबात अशा बायका असतात. त्या सांगत नाहीत, इतकेच.

आणि केमो चालू असलेले रुग्ण. आमच्या डे-केअरमध्ये, म्हणजे केमो घेऊन रुग्ण त्याच दिवशी घरी जातात त्या विभागात, थर्मासमधून काढा घेऊन येणारे नातेवाईक मी पाहत आले आहे. डॉक्टर रागावतील म्हणून कोणी आपणहून सांगत नाही. थर्मासचे झाकण उघडले की वासावरून कळते. ज्याचे पांढऱ्या पेशींचे काउंट तळाला गेले आहे त्याला आम्ही कच्ची कोशिंबीरसुद्धा देऊ नका म्हणतो, आणि इकडे घरचे लोक बागेतली, धूळ बसलेली पाने धुतली-न धुतली अशी त्याच्या तोंडात घालतात. व्हिनक्रिस्टिनने बद्धकोष्ठ होते, बोटांना मुंग्या येतात, पाऊल लुळे पडते. हे त्रास कमी व्हावेत म्हणून त्याच झाडाचा काढा पाजणारेही भेटले आहेत. त्यांना मी काय बोलणार? त्यांना कोणीतरी सांगितलेले असते, आणि ते सांगणारे त्यांना माझ्यापेक्षा जवळचे असतात. त्याहून वाईट प्रकरण म्हणजे गाठ हाताला लागली तेव्हा लहान होती आणि नंतरचे महिने पाल्यावर गेले.

आमच्या खोलीत या औषधाचा धाक कसा असतो ते सांगते. व्हिनक्रिस्टिनची बाटली फ्रिजमध्ये, उजेडापासून झाकून ठेवतात. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात, आणि मोठ्या माणसालाही बहुधा एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. शिरेबाहेर सांडले तर मांस सडते. चुकून पाठीच्या कण्यात गेले तर माणूस जवळजवळ नक्कीच दगावतो. जगभर असे मृत्यू झाले आहेत, आणि म्हणून आता ते सिरिंजमध्ये न भरता लहान सलाईनच्या पिशवीत भरावे आणि पिशवीवर ‘फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास प्राणघातक’ असे लिहावे, असा दंडक आहे. पेशी दुभंगताना तिच्यात जे बारीक दोर तयार होतात ते हे औषध बनूच देत नाही, आणि पेशी अर्ध्यावर अडकून मरते. कर्करोगाची असो की आपली.

आता साखरेकडे वळते, कारण तुमच्या मजकुराचा अर्धा भाग तोच आहे आणि या औषधाचा शोधही साखरेपासूनच सुरू झाला.

१९५२ मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्याकडे एक पाकीट आले. त्यांचे थोरले भाऊ डॉ. क्लार्क नोबल यांनी पाठवलेले, आत सदाफुलीची २५ पाने. हे क्लार्क म्हणजे १९२१ मध्ये इन्सुलिनच्या शोधात बँटिंग यांचा मदतनीस कोण व्हायचे यासाठी नाणे उडवले गेले तेव्हा चार्ल्स बेस्टकडून हरलेले गृहस्थ. जमेकातल्या त्यांच्या एका रुग्णाने कळवले होते, की इन्सुलिन मिळत नाही तेव्हा तिकडे मधुमेहावर या पानांचा चहा पितात. म्हणजे तुमचा मजकूर निदान सत्तर वर्षे जुना आहे. रॉबर्ट यांनी उंदरांना अर्क पाजून पाहिला. साखर हलली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. का, म्हणून पाहिले तर त्यांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या आणि अस्थिमज्जा मंदावली होती. साखर उतरवू शकली नाही ती पाने रक्ताच्या पेशींना मारत होती. रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी पुढे ते द्रव्य, म्हणजेच व्हिनब्लास्टिन, शुद्ध रूपात वेगळे केले, आणि १९५८ मध्ये दोघांनी न्यूयॉर्कमध्ये ते जाहीर केले. त्याच सुमारास इलाय लिली या अमेरिकन औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांच्या गटाला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या उंदरांत या अर्काचा गुण दिसला होता. व्हिनक्रिस्टिन त्या गटाने काढले आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

नंतर जनावरांवरच्या काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने साखर उतरल्याच्या नोंदी आहेत, हे मी लपवणार नाही. पण उंदरात अर्काने उतरलेली साखर आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्या आजोबांनी अंदाजाने चावलेली पाने यांच्यात फार अंतर आहे. ते अंतर माणसांवरच्या नीट चाचण्यांनी भरून काढल्याशिवाय कोणाला गोळी सोडायला सांगू नका.

आणि ती पाटी. ‘आयुर्वेदिक वनस्पती’. सदाफुली मादागास्करची आहे. आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या त्या बेटावर कॅथरँथस या वंशाच्या आठ जातींपैकी सात आढळतात आणि दुसरीकडे कुठेही मुळात नाहीत; आठवी छोटी पांढऱ्या फुलांची जात तेवढी भारत-श्रीलंकेची. आपल्या अंगणातली गुलाबी सदाफुली युरोपीय जहाजांबरोबर अठराव्या शतकात जगभर पसरली. पॅरिसच्या राजोद्यानातून लंडनच्या चेल्सी बागेत तिचे बी गेले आणि वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५९ मध्ये तिचे नामकरण केले. चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असण्याचे कारण नाही. मादागास्करच्या लोकांना मात्र ती ठाऊक होती. दातदुखीला आणि लांबच्या वाटेवर भूक-थकवा मारायला ते तिचे भाग चघळत, जंत पाडायला आणि पोट साफ करायला वापरत. त्यांचे पारंपरिक वैद्य, ज्यांना ओंबियासी म्हणतात, ती किती आणि कोणाला द्यायची ते पाहूनच देत.

हळदीवर अमेरिकेत पेटंट दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ते रद्द झाले, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता. अजूनही व्याख्यानमालांत ती गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. मग दुसऱ्याच्या अंगणातल्या झाडावर आपण इतक्या सहज आपली पाटी कशी लावतो? मादागास्कर १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतच त्याच्या फुलझाडातून निघालेले औषध अमेरिकेत विकले जाऊ लागले, आणि त्यातले काही त्या देशाला मिळाले नाही. इथे मला एक दुरुस्ती करावीशी वाटते, कारण याच गोष्टीची उलटी अतिशयोक्तीही फिरते. मादागास्करच्या वैद्यांना रक्ताच्या कर्करोगाचा उपाय माहीत होता आणि कंपनीने तो चोरला, असे घडले नाही. सुगावा जमेकातून आला, तोही मधुमेहाचा, आणि तोवर झाड उष्ण प्रदेशांत सगळीकडे रुजले होते. तरीसुद्धा हे झाड ज्या मातीत घडले तिला काहीतरी देणे लागत होते, असे मला वाटते. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ मध्ये झाला, लाभाच्या वाटपाचा नागोया करार २०१४ मध्ये लागू झाला. दोन्ही जुन्या काळाला लागू होत नाहीत. मादागास्करच्या दक्षिणेला आंद्रॉय नावाचा काटेरी, कोरडा मुलूख आहे, २०२१ च्या दुष्काळात उपासमारीसाठी बातम्यांत आला तो. तिथले गरीब शेतकरी सदाफुलीचा पाला आणि मुळे वाळवून विकतात. आपल्याकडे तामिळनाडूत तिची शेती होते.

मादागास्करने नुसते गमावलेच, असे मात्र नाही. अंतानानारिव्हो या त्यांच्या राजधानीत अल्बर्ट राकोतो रात्सिमामांगा या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये संशोधन संस्था काढली. तिथे पारंपरिक झाडपाल्याचा अभ्यास होतो आणि औषधे बनतात. जखमा भरून काढणारे मलम त्यांनी ज्या वनस्पतीपासून केले ती आपली मंडूकपर्णी, आणि मधुमेहावरचे त्यांचे औषध आपल्या जांभळाच्या बियांपासून. आपण त्यांच्या सदाफुलीची पाने चावतो आहोत, आणि ते आपल्या जांभळाच्या बिया प्रयोगशाळेत नेऊन त्यांतून मात्रा ठरवलेले औषध काढतात.

आता माझ्या मागण्या. तो मजकूर ग्रुपवर आला तर काढून टाका, आणि टाकणाऱ्याला जाहीर न झापता खासगीत सांगा. नाहीतर तो हट्टाने दुसऱ्या ग्रुपवर टाकेल. बागेत पाने वाटणे बंद करा. ज्याला कर्करोग आहे किंवा होऊन गेला आहे, ज्याला रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या आहेत, जी बाई गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे, त्यांना तर ‘थोडेसे घेऊन बघा’ असेही म्हणू नका. कोणी काढा आधीच घेत असेल तर त्याला घाबरवू नका. डॉक्टरांना सांग, एवढेच सांगा. रक्ताच्या तपासणीच्या आधी सांगितलेले बरे. पाटी बदलायची असेल तर नवी पाटी अशी करा: सदाफुली, मूळ मादागास्कर; हिच्यातून कर्करोगाची दोन औषधे काढतात; पाने खाऊ नयेत, विषारी आहेत. मजकूर हवा असेल तर मी लिहून देईन, आणि बागसमितीने बोलावले तर येऊन अर्धा तास बोलेनही.

रोपे उपटून टाका असे मी सांगत नाही. बाराही महिने कमी पाण्यात फुलणारे दुसरे झाड सोसायटीला एवढ्या स्वस्तात मिळणार नाही. फक्त छाटणी केल्यावर हात धुवा, आणि छाटलेल्या फांद्या रस्त्यावरच्या गाई-बकऱ्यांपुढे टाकू नका.

आपली,
कर्करोग विभागातली एक औषधनिर्माती